शिवेच्या आत धरलेला कार्बन

मुक्काम ईट, आण्णासाहेबांच्या शेडात,
वार बहुतेक शनिवार

तीर्थरूप गोरोबामामांस, भाचा सुरजचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र लिहायला उशीर झाला हे मीच आधी कबूल करतो, म्हणजे तुम्हाला पहिल्या ओळीलाच शिवी हासडावी लागणार नाही. संक्रांतीला लिहायला बसलो होतो. "इकडे सर्व खुशाल" एवढं लिहिलं आणि पेन ठेवला, कारण इकडे म्हणजे कुठं, हेच त्या दिवशी माझं ठरलं नव्हतं. शिमग्याला पुन्हा बसलो, तर तो कागद विठाबाईंनी भजी निथळायला घेतला. (भजी चांगली होती. विठाबाई कोण ते पुढं येईल.) पाडव्याच्या पत्रावर गिअरचं लाल तेल सांडलं आणि ते रक्तानं लिहिल्यासारखं दिसायला लागलं. तसलं पत्र मामींच्या हातात पडलं असतं तर त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली असती. म्हणून हे नवीन. तुमची कंबर कशी आहे? ट्रॅक्टरखाली निजून काम करू नका असं मी सांगणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. मामींचा गुडघा? दुकानासमोरचा चहावाला अजून कालच्याच पत्तीवर आजचं पाणी ओततो का? तुम्ही म्हणाल, एवढ्या चौकशा आहेत तर फोन का करत नाहीस. करतो की. पण मामा, फोनवर आपल्या माणसांचं बोलणं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आई विचारती, "जेवलास का?" मी म्हणतो, "व्हय, जेवलो." ती म्हणती, "बरं मग, ठिवू?" झालं. मागं मेंढरांचा कालवा असतो, वारा फोनमध्ये शिरतो आणि फोन बंद होतो. एवढ्यात माणूस जेवला हे कळतं, बाकी काय कळतं? (कधी कधी जेवलेलोही नसतो.) पत्राला मधेच "ठिवू?" म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर मी ईटला कसा आलो. खरं म्हणजे मी बार्शीला चाललो होतो. बार्शीत काय काम होतं म्हणाल तर काही नव्हतं, पण एसटीच्या पाटीवर बार्शी लिहिलं होतं. (माझं असंच होतं. मागं एकदा मी कुर्डुवाडीला पावसाळाभर राहून आलो, ते केवळ पाटीवरचं नाव म्हणायला बरं वाटलं म्हणून.) गाडी ईटच्या फाट्यावर थांबली आणि समोर रसवंती दिसली. घुंगरं वाजत होती. मी म्हटलं कंडक्टर चहा पिईल तोवर आपण रस पिऊ. कंडक्टरनं चहा पिला नाही. मग रस्ता आहे, पाय आहेत, म्हणून गावात शिरलो. एका माळवदाच्या मागं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात काहीतरी वाकळ पांघरून बसलं होतं. मला वाटलं जनावर आजारी आहे. जवळ गेलो तर वाकळेखाली चाक. वाकळ म्हणजे साधी नव्हे, जुन्या लुगड्यांची, चांगली दाट टाक्यांची, गाडीच्या मापानं शिवलेली. काचेपुढचा भाग तेवढा वर दुमडला होता आणि आत एक म्हातारा माणूस बसला होता. पटका, पांढरा सदरा. स्टेअरिंगच्या जागेवर नव्हे, शेजारच्या. स्टेअरिंगची जागा मोकळी.

मी बघत उभा राहिलो. म्हातारा म्हणाला, "काय पायजे?" मी म्हटलं, काही नाही, बघतोय. "बघ की. बघायला कुणाला न्हाय म्हणत न्हाय. चालू तेवढी व्हत न्हाय." आणि मामा, इथं माझ्या जिभेनं घात केला. तिला तेवढंच पाहिजे असतं. मी म्हणालो, इंजिन म्हणजे इंजिन, माझे मामा भूमला इंजिनं उघडतात, मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. (शिकलो म्हणजे तुम्ही मला दोनदा हाकलून दिलंत, पण ते मधल्या मधे.) म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण मामा?" मी तुमचं नाव सांगितलं. "गोरोबाचा भाचा व्हय तू!" असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि मी आत बसलो तो अजून बाहेर पडलेलो नाही. ते आण्णासाहेब. तुम्ही त्यांचा ट्रॅक्टर बांधून दिला होता म्हणे, तो अजून चालतो. ट्रॅक्टरची तारीफ तुमची, पण त्या तारिफेवर भाकरी खातोय मी.

आता इंजिनाची हकीकत. ती तुम्हाला खरी वाटणार नाही, तरी वाचा. बोनेट उघडलं. मी हेड शोधलं, हेड नाही. वॉल्व्ह शोधले, वॉल्व्ह नाहीत. पिस्टनचा तर पत्ताच नाही. शेजारचे बब्रुवान काका बांधावरून बघत होते (ते कायम बांधावरून बघत असतात, त्यांना दुसरं काम नाही आणि एक म्हैस आहे), ते म्हणाले, "पिस्टन न्हाय? चोरीला गेलं असंल." आण्णासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू पिस्टन माझ्या पिशवीत आहेत. तुम्हाला फोन करावा असं फार वाटलं, पण इंजिनात पिस्टन नाही म्हटल्यावर तुम्ही मला काय पिऊन बसलास असं विचारलं असतं. मग मोबाइलवर शोधायचं ठरवलं. तर इथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. टाकीवर चढायचं, व्हिडिओ बघायचा, खाली उतरायचं, आणि उतरेपर्यंत पहिला प्लग काढायचा की बॅटरीची तार, हे विसरायचं. पुन्हा वर. व्हिडिओत एक गोरा माणूस होता, दोन्ही हातांवर गोंदण, आपल्याकडच्या जुन्या बायकांपेक्षा जास्त. तो काय बोलतो ते कळत नव्हतं, बारावीचं इंग्रजी माझं दोनदा राहिलेलं तुम्हाला माहीत आहेच. पण हात कळत होते. हाताला भाषा नसते, हे एक बरं आहे.

तर त्याच्या हातावरून कळलं ते असं. हे जपानी इंजिन आहे आणि त्यात पिस्टन वरखाली होत नाही. आत एक तिकोनी ठोकळा असतो, बाजूंनी फुगलेला, समोशासारखा. तो एका लांबट डब्यात गरगर फिरतो. (डबा भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा, मधे जरा चिमटलेला.) ठोकळ्याच्या तिन्ही टोकांना लोखंडाच्या बारीक पट्ट्या असतात. त्या डब्याच्या भिंतीला घासत फिरतात आणि हवा कोंडून धरतात. असे दोन समोसे, एकामागं एक. बस, हेच इंजिन. पण पट्टीच्या खाचेत काजळी भरली, म्हणजे आपला कार्बन, की पट्टी रुतून बसते, भिंतीला टेकत नाही, हवा निसटते, कॉम्प्रेशन जातं. मग सेल्फ मारून मारून बॅटरी मरते पण गाडी उठत नाही. आणि हे इंजिन जातीचंच पळणारं. काटा लाल रेघेपर्यंत नेला की काजळी जळून जाते, जपून चालवलं की साठते. टाकीवर बसून मला हे कळलं तेव्हा समोर पवनचक्क्या फिरत होत्या, लांब माळावर कुणाच्या तरी मेंढरांचा फुफाटा उठला होता, आणि मी बराच वेळ कुणाच्या असतील म्हणून बघत बसलो. एवढ्या लांबून मेंढरू ओळखू येत नाही. नंतर बब्रुवान काकांनी खालून हाळी दिली, "काय रं, गाडी टाकीत हाय का?" तेव्हा उतरलो.

आता ही गाडी जपून कुणी चालवली? तिथं सगळी गंमत आहे, म्हणजे गंमत नाही. गाडी आण्णासाहेबांच्या अमरसिंहची. एकुलता एक. पुण्यात नोकरीला असताना त्यानं कुणाकडून तरी ही जुनी घेतली, दसऱ्याला घरी आणली, गावभर फिरवली. आपल्याकडं नवी गाडी आली की आधी तुळजापूरला देवीच्या पायाशी न्यायची, मग बाकी कुठंही. तसं ठरलं होतं. विठाबाईंनी (आण्णासाहेबांच्या घरच्या) नारळ, खण, सगळं बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाचा कागद आला आणि अमरसिंह, "परत आलो की पहिल्यांदा देवी", असं म्हणून गेला. बोलणारा बोलून जातो मामा, ऐकणारा धरून बसतो. विठाबाईंनी ठरवलं, देवीनं बघितल्याबिगर गाडी गावच्या शिवेबाहेर जायची नाही. आणि देवीला न्यायची ती अमरसिंहनं. म्हणजे तो येईपर्यंत गाडी शिवेच्या आत. मग आण्णासाहेब रोज सकाळी ती बैल पाण्यावर न्यावा तशी शेडातून काढायचे, पहिल्या गिअरमध्ये शिवेच्या दगडापर्यंत न्यायचे, दगडाला हात जोडायचे आणि परत आणायचे. एकदाही दुसरा गिअर नीट टाकला नाही, लेकराची वस्तू, झिजेल म्हणून. बब्रुवान काका म्हणतात, "त्येंच्या गाडीम्होरं माझी म्हस जायाची आन वळून वळून बघायची, ही बया येती का न्हाय म्हनून." इतक्या मायेनं चालवली की गळ्यापर्यंत कार्बन धरला, आणि एक दिवस ती उठलीच नाही. हे मी आण्णासाहेबांना सांगितलं नाही. म्हणजे कार्बन सांगितला, माया सांगितली नाही.

पुढचं काम असं. प्लग काढले. चुलीतून भाजून काढलेली वांगी जशी. प्लगच्या भोकांतून गिअरचं लाल तेल आत सोडायचं, इंजिन हातानं थोडं थोडं फिरवायचं, आणि तसंच मुरत ठेवायचं, म्हणजे पट्ट्यांभोवतीची काजळी भिजून सुटते. इंजिनाच्या तोंडाला मोठा पाना लावून मी फिरवायला गेलो तर हात घसरला आणि सालटं निघालं. विठाबाई म्हणाल्या, "सर तिकडं," आणि पदर खोचून बसल्या. जात्याचा हात मामा. जोर नाही, झटका नाही, सुरात. प्लग काढलेले असले की पट्टी भोकावरून गेली की आतून हवेचा सुस्कारा येतो, फूस, फूस. मी आपला पान्याकडं बघत होतो. त्या कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "ह्यो मागचा दोन श्वास घेतोय. तिसरा येतच न्हाय." बरोबर तेच! तीन टोकांपैकी दोन धरत होती, एक रुतलेलं. मी खूश होऊन म्हटलं, काकू, हाच तर रोग, तिसरं टोकच घरात नाही! आण्णासाहेब उठले आणि बैल नसलेल्या गोठ्याकडं बैल बघायला गेले. मी तोंडात मारून घ्यावी म्हटलं, पण दोन्ही हात तेलाचे होते.

दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच सेल्फ मारायचा, म्हणजे आतलं तेल आणि सुटलेली घाण बाहेर उडते. व्हिडिओतल्या गोऱ्यानं त्याआधी भोकांसमोर फडकं धरलं होतं, पण तेवढ्यात मी टाकीवरून पवनचक्क्या बघत असणार. सेल्फ मारला. पिचकारी आण्णासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पटक्यावर, आणि दिवाळीला चुना दिलेल्या भिंतीवर उमटली. लालभडक. त्याच वेळी बब्रुवान काका बांध ओलांडून आले आणि तसेच बोंब मारत मागं फिरले. गावात खबर गेली की आण्णासाहेबांनी गाडीपुढं बकरं कापलं. पाठोपाठ दोघं तिघं पातेली घेऊन वाटा घ्यायला आले. (एकानं जाताना विचारलं, "मग कवा कापनार?") आण्णासाहेब मात्र रागावले नाहीत. सदऱ्याकडं बघून म्हणाले, "रंगपंचमीला पोरगं असंच भिजवायचं." मी म्हटलं, सदरा धुऊन देतो. ते म्हणाले, असू दे. तो सदरा अजून धुतलेला नाही, खुंटीला आहे.

मग प्लग घासून बसवले, बॅटरी तुमच्या ट्रॅक्टरची लावली (तुमच्या म्हणजे त्यांच्या), आणि चावी फिरवली. खोकली, थांबली, खोकली, आणि मामा, उठली! आवाज कसा म्हणाल तर ट्रॅक्टरसारखा धडधड नाही, मधमाशांचं पोळं पिंपात ठेवल्यासारखा. आणि मग सायलेन्सरातून पांढरा धूर निघाला. उरलेलं तेल जळतं ना. पण किती निघावा? शेड दिसेना, गाडी दिसेना, माझा हात मला दिसेना. गाव हंडे घेऊन पळत आलं. टँकर नुकताच येऊन गेला होता, बायांनी भरलेली घागर आणली खरी, पण ओतायला कुणी तयार होईना. प्रत्येकजण म्हणे, आधी तुमची ओता. आग नाही हे कळल्यावर लोकांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. धूर लांबच्या वस्त्यांवरून दिसला म्हणतात. मी त्या धुरात उभा होतो आणि मला उगाच वाटलं, आपल्याला शोधायचं असतं कुणाला, तर ही खूण बरी होती.

शेवटचा उपाय पाण्याचा. इंजिन तापवून, जोरात रेस धरून, बारीक नळीनं थेंब थेंब पाणी आत पाजायचं. आत त्याची वाफ होते आणि वाफ उरलेली काजळी खरवडून नेते. हे सांगितल्यावर आण्णासाहेब पहिल्यांदा चिडले. "जनावराला पानी न्हाय, मानसाला दोन घागरी, आन इंजिनाला पाजायचं? गोरोबानं शिकवलं व्हय तुला हे?" मी म्हटलं, नाही, मामांच्या पिस्टनच्या इंजिनात पाणी गेलं तर ते फुटतं. (हे मी तुमच्या बाजूनं बोललो.) विठाबाई आत गेल्या आणि प्यायच्या जारचा तांब्या भरून आणला. क्षारवालं पाणी नको, त्याच्या पोटात खडा होईल, म्हणाल्या. कसं कळलं त्यांना देव जाणे, पण ते बरोबर होतं. मी रेस धरली, त्यांनी नळी तांब्यात सोडली, लेकराला वाटी-चमच्यानं पाजतात तसं, घोट देऊन थांबायच्या, पुन्हा घोट. तांब्या संपल्यावर इंजिन थंड करून परत प्लग काढले आणि त्या पान्याला बसल्या. फूस. फूस. आणि मग, फूस. "आला," त्या म्हणाल्या. एवढंच. पदरानं तोंड पुसलं, तेलच फासलं गेलं.

इथं हकीकत संपायला पाहिजे होती. पण दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत आण्णासाहेबांनी गाडी काढली आणि पहिल्या गिअरमध्ये दगडापर्यंत नेऊन आणली! म्हशीच्या चालीनं! असं चार दिवस चाललं आणि ती पुन्हा खोकायला लागली. मी पुन्हा तेल, पुन्हा धूर. (लोक आता हंडे आणत नाहीत.) शेवटी मी म्हटलं, आण्णासाहेब, तिला एकदा मोकळी सोडा, येरमाळ्याच्या पुढच्या हमरस्त्यावर काटा लाल रेघेपर्यंत जाऊ दे, नाहीतर माझा उपाय म्हणजे दुखण्याला रोज वाफ देणं. ते म्हणाले, शिवेबाहेर जायचं नाही. मी म्हटलं, मग अशीच मरंल. मग टाकीखाली जाऊन, म्हाताऱ्या माणसाला वर चढता येत नाही म्हणून फोन उंच धरून, त्यांनी अमरसिंहला लावला. आवाज मोठा करून. मी कान झाकले नाहीत. "गाडी चालू झाली रं." तिकडून आनंद. बरं झालं बाबा, आता इकून टाका, पुण्यात एकजण मागतोय, मी त्याला नंबर देतो. "देवीला न्यायची व्हती." बाबा, माझं काही खरं नाही, कुणाकडूनही न्या. मग थोडा वारा. मग तो म्हणाला, "जेवलात का?" आण्णासाहेब म्हणाले, "व्हय, जेवलो." "ठेवू मग?" मामा, मला वाटलं माझाच फोन कुणीतरी उंच धरलाय. आम्ही दोघंही अजून जेवायचे होतो.

त्या दिवशी भाकरी खाताना विठाबाईच म्हणाल्या, देवी काय लायसन बघती का? "गाडीत घरचं मानूस पायजे. आपुन दोघं घरचीच हाव. चालवायला ह्यो हाय की." आण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यो परका." "परका कसला, चुलीपाशी बसून भांड्याची खरवड मागून खातो की." असा माझा निकाल लागला. मंगळवारी निघायचं. तेव्हापासून आण्णासाहेब बदललेत. गाडी सकाळी काढत नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या सीटवर येऊन बसतात आणि मला स्टेअरिंगवर बसवतात. गाडी बंद. काच पुढं, काचेपुढं पत्रा. मला गावातल्या गोष्टी सांगतात. काळ्या रानात यंदा रातच्याला कुणाच्या मेंढ्या बसल्या नाहीत, लेंड्यांच्या खताबिगर रान भुकेजलंय, म्हणून मेंढरवाल्यांना निरोप धाडलाय म्हणाले. "तुमच्यात असत्यात न्हवं मेंढरं?" असतात कुणाकुणाच्या, मी म्हटलं आणि वायपरचं बटण बघत बसलो. आईच्या मागं काठी घेऊन मेंढरं हाकत चालायचं सोडून मी निघालो तेव्हा ती काही बोलली नव्हती, नुसतं फडक्यात भाकरी बांधून दिली होती. रागावली असती तर परत जायला काहीतरी कारण तरी राहिलं असतं. शेडात निजतो तेव्हा इंजिन थंड होताना टिक टिक वाजतं, तेवढीच सोबत. बाकी बरं चाललंय. मंगळवार झाला की काम संपलं, गाडी पुण्याला जाईल, आणि मी परत फाट्यावर. पाटीवर काय लिहून येईल ते बघायचं.

कळावे, म्हणजे जेवढं कळेल तेवढं. मामींना सांगा, वाळलोय म्हणतात ते खोटं आहे.

तुमचा दोनदा हाकललेला भाचा,
सुरज

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुम्ही आईला मंगळवारी तुळजापूरला घेऊन याल का? तिचा तळ हल्ली कुठं आहे ते तुम्हाला कळतं, मला फोनवर विचारायच्या आत "ठिवू" येतं. महाद्वारापाशी उभी राहिली तरी पुरे. नारळ वगैरे आणायला सांगू नका, विठाबाईंकडं आहे. नुसतं मी गाडी चालवत येताना तिनं बघावं. मागची सीट लहान आहे, पण आई बारीक आहे.

ता. क. वरची ता. क. वाचलीच नाही असं समजा. तिला मेंढरं सोडून येता यायचं नाही आणि उगाच जिवाला लागेल. मी सांगितलं असं तर मुळीच सांगू नका. विचारलंच तिनं, तर म्हणा, जेवतो वेळेवर.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. मामा, रस्ता बंद झालाय. आण्णासाहेबांनी मेंढरांना निरोप धाडला तो कुणामार्फत, हे मी विचारलं नव्हतं. तो तुमच्यामार्फत, हे आत्ता कळतंय, आणि भाचा कुठं आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हेही. शेडासमोर सगळं मेंढरूच मेंढरू झालंय. गाडीला वळसा घालून काळ्या रानाकडं चाललेत, आणि आपला लाल्या कुत्रा कळप सोडून शेडात शिरलाय, माझ्या तेलकट पायाचा वास घेऊन घेऊन कण्हतोय. बब्रुवान काका बांधावरून ओरडतायत की वाकळ घाला, वाकळ घाला, शिंगं लागतील. आण्णासाहेब मेंढरांच्या मधे उभे आहेत आणि हसतायत. पलीकडं घोड्यावरच्या बिऱ्हाडाची दोरी धरून आई उभी आहे. तिनं मला अजून बघितलेलं नाही, उन्हाला हात आडवा धरून शेडाकडं बघतीय. आता येईल आणि पहिल्यांदा काय विचारील ते मला ठाऊक आहे. आत्ताच विठाबाईंकडं दोन भाकरी खाऊन बसलोय, तरी या वेळेला मी न्हाय म्हणणार आहे.